प्रकाशाचा लखलखाट आणि मानेतला ताण : मेंदूची लाट ओळखण्याचा दीडशे वर्षांचा इतिहास

१/
डोळ्यांपुढे दिवा लखकन चमकला, की सुमारे १०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या मागच्या भागात विजेची एक बारीक लाट उठते. तिची उंची काही मायक्रोव्होल्ट, म्हणजे टॉर्चच्या एका सेलच्या दाबाचा जेमतेम लाखावा हिस्सा. या लाटेवरून आज दृष्टिचेतेचे विकार ओळखले जातात. मात्र ती जिथे मोजतात, तिथून काही बोटांच्या अंतरावर मानेचे बळकट स्नायू कवटीला जोडलेले असतात. आणि स्नायूही वीज निर्माण करतात.

२/
मग कागदावर उमटलेली लाट मेंदूची की मानेची? आणि मूठ आवळली, जबडा घट्ट मिटला, मान ताठ केली, तर मेंदूचा प्रकाशाला मिळणारा खरा प्रतिसादही बदलतो का? हे दोन प्रश्न वरवर सारखे दिसतात, पण त्यांची उत्तरे निराळी आहेत. ती निराळी करण्यात विज्ञानाला शतकाहून अधिक काळ लागला. त्या प्रवासाचा हा धागा.

३/
प्रारंभ १८७५. इंग्लंडमधील लिव्हरपूलचे वैद्य रिचर्ड केटन यांनी ससे आणि माकडे यांच्या उघड्या मेंदूवर विद्युत्-अग्रे ठेवून गॅल्व्हानोमीटरने क्षीण प्रवाह मोजले. त्यांच्या छोट्याशा टिपणात दोन नोंदी शेजारी-शेजारी आहेत : प्राण्याने मान वळवली किंवा चर्वण केले, की मेंदूच्या विशिष्ट भागातील प्रवाह बदलतो, आणि डोळ्यावर प्रकाश पडला, की विरुद्ध बाजूच्या एका भागातील प्रवाह बदलतो. स्नायू आणि दृष्टी यांची ही सोबत या शास्त्राला जन्मापासूनच लाभली.

४/
१८९० मध्ये पोलंडच्या क्राकोव्ह शहरात ॲडॉल्फ बेक या तरुण संशोधकाने हेच प्रयोग स्वतंत्रपणे केले. प्रकाशाने मेंदूच्या मागच्या भागात प्रतिसाद उठतो, हे तर त्याला दिसलेच. शिवाय उद्दीपन मिळताच मेंदूतील मूळची आंदोलने शमतात, हेही दिसले. बेकचा निबंध प्रसिद्ध होताच व्हिएन्नाचे फ्लाइश्ल यांनी १८८३ मध्ये मोहोरबंद करून ठेवलेले आपले पत्र उघडवले आणि अग्रमान मागितला. अखेर केटन यांनी साऱ्यांना आपल्या १८७५ च्या टिपणाची आठवण करून दिली, आणि वाद मिटला.

५/
त्याच सुमारास बुडापेस्टचे एर्नो येंड्राशिक यांनी एक साधी गोष्ट नोंदवली. गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय उडतो. रुग्णाला दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोराने ओढायला सांगितले, तर तोच पाय अधिक जोराने उडतो. ताण हातांत, परिणाम पायात. ही युक्ती आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवली जाते. शरीराच्या एका भागातील स्नायुताण संपूर्ण मज्जासंस्थेची सज्जता वाढवतो, याचे ते पहिले ठसठशीत उदाहरण.

६/
हा विचार मनाच्या प्रांतात आणला शिकागो विद्यापीठाचे आर्थर बिल्स यांनी. १९२७ च्या त्यांच्या प्रयोगांत माणसे हातातील डायनॅमोमीटर, म्हणजे पकडीचे बळ मोजणारे यंत्र, आवळून धरत आणि त्याच वेळी निरर्थक अक्षरगट पाठ करत किंवा आकड्यांच्या बेरजा करत. मूठ आवळलेली असताना काम अधिक चांगले होई. पुढील अभ्यासकांनी त्यात मर्यादेची भर घातली : माफक ताण उपकारक, अतिरेकी ताण बाधक. परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्याच्या आवळलेल्या मुठीमागे काही शरीरशास्त्र आहे तर!

७/
मधल्या काळात जर्मनीतील येना येथे मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर एकांतात काम करत होते. १९२४ मध्ये त्यांनी माणसाच्या मेंदूतील विद्युत्-आंदोलने प्रथम टिपली. प्रसिद्ध केली ती १९२९ मध्ये. मधली पाच वर्षे मुख्यतः शंकानिरसनात गेली. हे हृदयाचे ठोके तर नव्हेत? त्वचेतील रक्ताचे स्पंदन? डोक्याच्या स्नायूंचा थरकाप? स्वतःचा मुलगा क्लाउस आणि कवटीला छिद्र असलेले रुग्ण यांच्यावर त्यांनी पुनःपुन्हा नोंदी घेतल्या.

८/
बर्गर यांना दिसलेली ठळक लय सेकंदाला सुमारे १० आंदोलनांची होती. तिला त्यांनी ‘आल्फा’ म्हटले. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसात ती स्पष्ट उमटे. डोळे उघडताच विरून जाई. म्हणजे दृष्टीचा मेंदूच्या विजेवरील परिणाम माणसाच्या पहिल्यावहिल्या आलेखांतच होता. ‘स्वस्थ बसलेला’ ही अटही तिथेच होती. अंग ताठलेले, मन अस्वस्थ असेल, तर आल्फा दबते.

९/
समकालीनांचा विश्वास मात्र बसेना. केंब्रिजचे नोबेल-विजेते एडगर ॲड्रियन यांनाही आधी शंका होती. ती फेडण्यासाठी त्यांनी ब्रायन मॅथ्यूज यांच्यासह प्रयोग पुन्हा केले. १९३४ मध्ये त्यांनी आल्फा लय खरी असल्याचे मान्य करून तिला ‘बर्गर लय’ म्हटले. लुकलुकणारा प्रकाश दाखवला, तर मेंदूच्या लाटा त्या लुकलुकण्याशी ताल धरतात, हेही त्यांनीच दाखवले. बर्गर यांना मान मिळाला तो बव्हंशी या परक्या साक्षीमुळे.

१०/
तरीही एक मूलभूत शंका उरली होती. मेंदूची जाणीव स्नायूंवर कितपत अवलंबून आहे? विचार म्हणजे स्नायूंच्या सूक्ष्म हालचालींचाच एक प्रकार, असे मानणारे मानसशास्त्रज्ञ त्या काळी कमी नव्हते. स्नायू पूर्णपणे निकामी केले, तर विचार थांबेल का? मेंदूच्या लाटा मावळतील का?

११/
याचे उत्तर एका धाडसी वैद्याने स्वतःच्या देहावर शोधले. अमेरिकेतील युटा विद्यापीठातील भूलतज्ज्ञ स्कॉट स्मिथ यांनी क्युरारेपासून मिळणारे डी-ट्युबोक्युरारिन हे औषध टोचून घेतले. श्वास बंद पडण्यास पुरेल त्याहून कितीतरी अधिक मात्रा. सर्व स्नायू लुळे पडले. सहकारी कृत्रिम श्वास देत राहिले. शुद्धीवर असूनही बोट हलवता येत नाही, अशा अवस्थेत भोवतालचे सारे त्यांना कळत होते आणि पुढे ते त्यांनी सांगितलेही. मेंदूचा विद्युतालेख तसाच चालू राहिला. हा वृत्तांत १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला.

१२/
त्यातून निष्पन्न झाले ते इतकेच : मेंदूच्या लाटांना स्नायूंची आवश्यकता नाही. ताणाचा त्यांच्यावर परिणाम होतच नाही, असे मात्र त्यातून सिद्ध होत नव्हते. त्या परिणामाचा मार्ग १९४९ मध्ये उलगडला. इटलीचे ज्यूसेप्पे मोरुत्सी आणि अमेरिकेचे होरेस मॅगून यांनी मांजराच्या मस्तिष्कस्तंभातील ‘रेटिक्युलर फॉर्मेशन’ या जाळीदार भागाला विजेने चेतवले, तेव्हा झोपाळू मेंदूच्या संथ लाटा क्षणात जागृतीच्या जलद लाटांत बदलल्या.

१३/
या जाळीदार भागाला साऱ्या शरीरातून संदेश पोहोचतात, त्यांत स्नायूंचेही. मूठ आवळली, की स्नायू आणि सांधे यांतून येणारे संदेश वाढतात आणि जागृतीची पातळी चढते. उलट दिशेने, जागृती चढली की स्नायूही ताठतात. मान, जबडा, कपाळ यांना ते सर्वांत लवकर जाणवते. मेंदू आणि स्नायू यांच्यात असे दुहेरी येणे-जाणे आहे. पुढच्या सगळ्या गोंधळाचे बीज इथेच पडले.

१४/
आता प्रश्न मापनाचा. एका लखलखाटाला मिळणारा प्रतिसाद काही मायक्रोव्होल्टचा, तर मेंदूची नेहमीची आंदोलने कित्येक पट मोठी. जत्रेच्या कोलाहलात कुजबुज ऐकावी, तसे हे काम. लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयात जॉर्ज डॉसन यांनी १९४७ मध्ये एक उपाय योजला. एकाच उद्दीपनाचे अनेक प्रतिसाद एकाच छायाचित्रावर एकावर एक उमटवायचे. जे खरे आहे, ते जागच्या जागी ठळक होते.

१५/
१९५१ मध्ये डॉसन यांनी याहून पुढचे यंत्र दाखवले : फिरता स्विच आणि विद्युत्-धारित्रांची रांग. प्रत्येक उद्दीपनानंतरचा ठरावीक क्षणाचा दाब ठरावीक धारित्रात साठत जाई. यादृच्छिक आंदोलने परस्परांना खोडत आणि उद्दीपनाशी बांधलेली लाट उरत असे. यामागचा हिशेब सोपा आहे. १०० वेळा सरासरी घेतली, तर गोंगाट दहाव्या हिश्शावर येतो. संगणकपूर्व काळातील ही सरासरी म्हणजे मेंदूसंशोधनाला लाभलेली दुर्बीणच.

१६/
या दुर्बिणीतून दृष्टीचे प्रतिसाद भराभर दिसू लागले. १९६० मध्ये कॉब आणि डॉसन यांनी तेजस्वी लखलखाटानंतर डोक्याच्या मागच्या भागात उठणाऱ्या लाटांचा काळ आणि आकार मांडला. १९६१ मध्ये ब्रातिस्लाव्हाचे लाडिस्लाव सिगानेक यांनी त्या लाटांचे घटक क्रमवार नोंदवले. मेंदू प्रकाश कसा पाहतो, हे कवटी न उघडता मोजता येईल, अशी आशा निर्माण झाली.

१७/
नेमक्या याच उत्साहात एक फसगत घडली. १९५८ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी कानात ‘टक्’ असा आवाज दिल्यावर सुमारे ३० मिलिसेकंदांनी डोक्यावर उमटणारा प्रतिसाद प्रसिद्ध केला. कवटीच्या मागच्या उंचवट्यावर, म्हणजे मानेचे स्नायू जिथे चिकटतात त्या जागी, तो ठळक मिळे. हा श्रवणाच्या बाह्यकाचा, म्हणजे मेंदूच्या वरच्या थराचा, प्रतिसाद आहे, अशी त्यांची समजूत होती. सरासरीतून मिळालेली आणि पुनःपुन्हा दिसणारी लाट खोटी असेल, अशी शंका कोणाला यावी?

१८/
ती शंका मिनेसोटातील मेयो क्लिनिकच्या रेजिनाल्ड बिकफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आली. १९६३-६४ मध्ये त्यांनी एक साधी कसोटी लावली. माणसाच्या मानेच्या स्नायूंवरचा ताण वाढवत न्यायचा आणि तीच लाट पुन्हा मोजायची. ताण वाढला, की लाट फुगे. मान सैल सोडली, की ती जवळजवळ नाहीशी होई. आवाज तोच, कान तेच, मेंदूही तोच. बदलला होता तो फक्त मानेतला ताण.

१९/
म्हणजे ती लाट स्नायूंची होती. आवाजाने मानेच्या स्नायूंत अतिसूक्ष्म प्रतिक्षेप उठत होता. तो डोळ्याला दिसत नव्हता, माणसाला जाणवत नव्हता, पण सरासरीच्या यंत्रात स्पष्ट उमटत होता. बिकफर्ड यांच्या गटाने असे सूक्ष्म प्रतिक्षेप प्रकाशाच्या लखलखाटालाही मिळतात, हे नोंदवले. आवाजाच्या प्रतिक्षेपाला त्यांनी ‘सोनोमोटर’, तर प्रकाशाच्या प्रतिक्षेपाला ‘फोटोमोटर’ असे नाव दिले.

२०/
या शोधाचे गांभीर्य समजून घेण्यासारखे आहे. स्नायूंची नेहमीची विजेची खरखर यादृच्छिक असते. सरासरीत ती विरघळते. प्रतिक्षेप मात्र उद्दीपनानंतर दरवेळी त्याच क्षणी उठतो. सरासरी त्याला पुसत नाही, उलट ठळक करते. ज्या युक्तीने खरे-खोटे वेगळे व्हायचे, तीच युक्ती या एका खोट्यापुढे हतबल ठरत होती.

२१/
बिकफर्ड यांना ही शंका आली, यामागे जुना अनुभव होता. १९५२ मध्येच त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लुकलुकत्या प्रकाशाने काही व्यक्तींच्या कपाळाचे आणि डोळ्यांभोवतालचे स्नायू प्रत्येक लखलखाटाबरोबर फडफडतात, हे वर्णिले होते. लखलखाटानंतर साधारण ५० ते ६० मिलिसेकंदांनी डोक्याच्या पुढच्या भागात टोकदार लाटा उमटतात आणि डोळे उघडले, की बहुधा थांबतात. अपस्मार, म्हणजे फिट्स, असलेल्या रुग्णाच्या आलेखात अशा स्नायूंच्या लाटा मेंदूच्या समजल्या, तर निदानच चुकते.

२२/
तोवर दुसऱ्या प्रश्नाचा, म्हणजे ताणाने मेंदूचा खरा प्रतिसाद बदलतो का याचा, शोध सुरू झाला होता. कॅलिफोर्नियातील रसेल ईसन, कॅरल व्हाइट आणि त्यांचे सहकारी १९६४ पासून दृष्टीचा प्रतिसाद हा जागृतीच्या पातळीचा निदर्शक मानता येईल का, हे तपासत होते. १९६९ च्या प्रयोगात त्यांना दिसले, की ज्या बाजूच्या प्रकाशाकडे माणूस लक्ष देतो, त्याचा प्रतिसाद मोठा येतो. शिवाय एकूण जागृती वाढवली, तरीही प्रतिसाद वाढतो.

२३/
येथे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतले. जागृती वाढली की मान ताठते. मान ताठली की स्नायूंचा खोटा प्रतिसाद वाढतो. मग वाढ खरी कोणाची? त्याचबरोबर फिनलंडचे रिस्टो नॅटनेन यांनी १९६७ मध्ये आणखी एक प्रश्न उभा केला. आपल्या कामाचे उद्दीपन कधी येणार हे आधीच ठाऊक असेल, तर माणूस त्या क्षणापुरता सज्ज होतो. मग मोठा प्रतिसाद निवडक अवधानाचा की केवळ त्या क्षणिक सज्जतेचा?

२४/
या कोंडीतून शिस्त जन्माला आली. उद्दीपने अनपेक्षित क्रमाने द्यायची. मान आणि जबडा यांच्यावर वेगळी विद्युत्-अग्रे लावून स्नायूंची वीज स्वतंत्र मोजायची. लाट डोक्यावर कुठे सर्वांत मोठी आहे, हे पाहायचे. आणि बिकफर्ड यांची कसोटी : स्नायू सैल केल्यावर काय उरते? सैल मानेतही जे उरते, विरुद्ध बाजूच्या अर्ध्या दृष्टिक्षेत्रानुसार जे जागा बदलते, ते मेंदूचे.

२५/
त्याच काळात भारतातूनही एक निराळी बाजू पुढे आली. दिल्लीच्या एम्समध्ये बाळकृष्ण आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी १९६१ मध्ये योगाभ्यासींचे विद्युतालेख प्रसिद्ध केले. एरवी प्रखर प्रकाश, मोठा आवाज किंवा उष्ण स्पर्श यांनी त्यांची आल्फा लय खंडित होई. ध्यानावस्थेत मात्र ती तशीच वाहत राही. आवळलेली मूठ एका टोकाला ठेवली, तर निश्चल, सैल देहाची ही अवस्था दुसऱ्या टोकाला ठेवावी लागेल.

२६/
शंका मात्र पुन्हा बर्गर यांच्या आल्फापर्यंत जाऊन पोहोचली. १९७० मध्ये लंडनचे ओलोफ लिपोल्ड यांनी मांडले, की आल्फा लय मेंदूची नसून डोळे फिरवणाऱ्या स्नायूंच्या कंपाची असावी. डोळ्यांभोवतीचे तापमान बदलल्यावर लयीचा वेग बदलतो, असा त्यांचा दाखला होता. पुढच्याच वर्षी ज्यांचे डोळे काढून टाकलेले होते अशा व्यक्तींतही आल्फा लय सापडली. सिद्धान्त टिकला नाही. पण चाळीस वर्षांनंतरही असा प्रश्न विचारता येतो, हे त्याने दाखवून दिले.

२७/
आता या इतिहासातील सर्वांत सुंदर वळण. बिकफर्ड यांनी ‘खोटी’ ठरवलेली मानेची लाट टाकून दिली गेली नाही. त्याच गटाला दिसले, की श्रवण गेलेल्या, पण तोल सांभाळणारे अंतर्कर्णाचे इंद्रिय शाबूत असलेल्या व्यक्तींतही ती मिळते. म्हणजे तिचे मूळ ऐकण्यात नव्हते, तोलात होते. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या कोलबॅच आणि हलमाग्यी यांनी मानेचा पुढचा स्नायू मुद्दाम ताणून ही लाट मोजण्याची पद्धत घडवली. चक्कर येणाऱ्या रुग्णांसाठी आज ती तपासणी जगभर वापरली जाते. तिथे ताण हाच तपासणीचा आधार.

२८/
दृष्टीच्या लाटेचेही सोने झाले. १९७२ मध्ये क्वीन स्क्वेअरच्याच मार्टिन हॅलिडे, इयान मॅक्डॉनल्ड आणि मुशिन यांनी काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा पट उलटसुलट होताना दाखवून प्रतिसाद मोजला. दृष्टिचेतेला सूज आलेल्या डोळ्याची लाट ठरल्या वेळेपेक्षा उशिरा येई. दृष्टी पूर्ववत झाल्यावरही तो उशीर बहुधा राही. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांत, डोळ्यांची तक्रार नसतानाही, हा छुपा उशीर सापडू लागला. एमआरआय येण्यापूर्वीच्या काळात हा केवढा आधार होता!

२९/
आणि म्हणूनच स्नायुताणाचा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतला राहिला नाही. रुग्ण भेदरलेला, मान ताठ, दात घट्ट मिटलेले. अशा आलेखात लाटेचे शिखर खरखरीत बुडते आणि काही मिलिसेकंदांचा फरक कळेनासा होतो. निदान त्याच फरकावर अवलंबून असते. तंत्रज्ञ रुग्णाला डोके टेकवून आरामात बसायला, जबडा सैल सोडायला सांगतो, आणि लाट पुन्हा तशीच येते ना, हे पाहण्यासाठी तपासणी दोनदा करतो. त्या साध्या सूचनेत १९६४ चा धडा आहे.

३०/
धडा विसरला, की तो पुन्हा शिकावा लागतो. १९९० च्या दशकात चित्र ओळखताना मेंदूत अतिजलद ‘गॅमा’ लाटा उठतात, आणि त्याच विखुरलेल्या रूपांना एकत्र बांधतात, असा विचार गाजला. २००८ मध्ये जेरुसलेमच्या संशोधकांनी दाखवले, की चित्रानंतर २०० ते ३०० मिलिसेकंदांनी डोक्यावर मिळणारी त्या प्रकारची एक ठळक गॅमा लाट बव्हंशी डोळ्यांच्या सूक्ष्म हालचालींमुळे, म्हणजे डोळे फिरवणाऱ्या स्नायूंच्या विजेमुळे येते. मेंदूत गॅमा लाटा आहेत. पण डोक्यावरून मोजलेली प्रत्येक गॅमा लाट मेंदूची नाही.

३१/
त्याच्या एक वर्ष आधी, २००७ मध्ये, ॲडिलेडच्या संशोधकांनी स्कॉट स्मिथ यांचा मार्ग पुन्हा धरला. स्वयंसेवकांचे स्नायू औषधाने तात्पुरते लुळे करून विद्युतालेख घेतले. सेकंदाला २० हून अधिक वेगाच्या लाटांचा मोठा भाग स्नायू लुळे होताच नाहीसा झाला. जी वीज मेंदूची म्हणून मोजली जात होती, तिच्यात कपाळ, जबडा आणि मान यांचा वाटा किती मोठा होता, याचा तो आकड्यांतला पुरावा ठरला.

३२/
थोडक्यात, स्नायुताण दोन वाटांनी मेंदूच्या आलेखापर्यंत पोहोचतो. एक वाट आतून : स्नायू, मस्तिष्कस्तंभ, जागृती, आणि तिथून प्रकाशाला मिळणारा खरोखर बदललेला प्रतिसाद. दुसरी वाट बाहेरून : स्नायूंची वीज त्वचेवरून थेट अग्रापर्यंत. पहिली वाट मेंदूविषयी काही सांगते. दुसरी मेंदूचे नाव लावून मानेविषयी सांगते. कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात.

३३/
केटन यांनी १८७५ मध्ये मान वळवण्याची आणि प्रकाशाची नोंद एकाच टिपणात केली, तेव्हा त्या दोहोंना वेगळे करण्यात पुढील पिढ्या खर्ची पडतील, हे त्यांच्या ध्यानीमनी नसणार. आजही कोणी डोक्याला पट्टा बांधून ‘मनाच्या लाटा’ दाखवणारे उपकरण विकायला आणले, तर विचारण्याजोगा पहिला प्रश्न बिकफर्ड यांचाच आहे : मान सैल सोडल्यावर यातले किती उरते?

(धागा समाप्त)